उलट्या पावलांचे सर

पहिल्याच भेटीत त्यांनी भर स्टाफरूममध्ये माझं वजन सांगितलं.

केडगावच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवते. त्या दिवशी प्राचार्य नव्या बॉक्सिंग प्रशिक्षकांची ओळख करून देत होते. देशाचे माजी चॅम्पियन, परदेशात पदक, फौजेत इतकी वर्षं, असं बरंच सांगून झालं. सर एकेकाला नमस्कार करत माझ्यापर्यंत आले, थांबले, डोक्यापासून चपलांपर्यंत एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "एकाहत्तर."

मला वाटलं, ते खोलीचा नंबर विचारताहेत.

"किलो," ते म्हणाले. "चपला धरून. चपला लई जड हायेत."

वाणिज्य विभागाचे प्रमुख खोकल्यासारखं करून हसले. सरांनी त्यांच्याकडे वळून, त्याच सुरात, "ब्याण्णव" म्हटलं आणि ते पुढे गेले. त्या संध्याकाळी घरी मी काट्यावर उभी राहिले, मुद्दाम चपला घालून. एकाहत्तर. तेव्हापासून मी त्यांचा राग करू लागले आणि बरेच दिवस तो नेटाने केला.

पुढे कळलं की यात अपमान नव्हता. ते सगळ्यांनाच वजनाने ओळखत. प्राचार्य एकशे चार होते. शिपाई सत्तावन्न. पोरांची हजेरीसुद्धा तशीच, "पन्नास हाय का? साठ कुठं गेला?" दिवाळीच्या सुट्टीनंतर या हजेरीचा मोठा घोटाळा व्हायचा, कारण घरचा फराळ खाऊन अर्धा वर्ग दुसऱ्याच्या नावावर गेलेला असे.

माणूस मूळचा जामखेडकडचा. आई-बाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, त्यामुळे लहानपण अर्धं गावात आणि अर्धं कारखान्याच्या फडात. अठरा पुरी झाल्यावर फौजेत गेले. तिथं कुणीतरी हातात ग्लोव्हज घातले आणि थोड्या वर्षांत हे देशात पहिले आले. परदेशातलं पदक त्यानंतरचं. नाक दोन ठिकाणी मोडलेलं, डाव्या भुवईत एक पांढरी रेघ, आणि बोलणं मात्र इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागे. वर्गात मी ओरडून ओरडून मान्सून शिकवायची, आणि हे शेजारच्या खोलीत कुजबुजत माणसाच्या जबड्यावर ठोसा कसा बसतो ते सांगायचे.

त्यांना आणलं ते आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी. अध्यक्षांचं खेळावर फार प्रेम होतं. म्हणजे खेळाच्या उद्घाटनावर होतं. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर चॅम्पियनचा फोटो हवा होता, तो मिळाला. मग रसायनशास्त्राच्या जुन्या भांडारखोलीवर 'आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग अकादमी' अशी पाटी लागली. आत अजून सडक्या अंड्यांचा वास येत असे. पुढे जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पाटीही नवी झाली, वास तोच राहिला.

रिंगच्या दोऱ्या सरांनी स्वतः बांधल्या होत्या, आणि कुणाला लागू नये म्हणून त्यांना लाल कापड गुंडाळलं होतं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या हातात कात्री दिली गेली. त्यांनी आयुष्यभर लाल दिसेल ते कापलेलं. ते सरळ रिंगच्या दोरीलाच भिडले. कात्री जुनी असल्यामुळे दोरी तुटेना. फोटोवाला म्हणतोय, साहेब, इकडं बघा. टाळ्या सुरू झालेल्या. सरांनी हळूच पाहुण्यांचं मनगट धरलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. पाहुण्यांचा हात जिथल्या तिथे थांबला. नंतर मी विचारलं, काय बोललात?

"काय न्हाई. म्हनलं, ही दोरी तुटली तर पोरं तुमच्या अंगावर पडतील."

अकादमीत पहिल्याच महिन्यात गोंधळ झाला. नाव नोंदवलेल्या चाळीस पोरा-पोरींना वाटलं होतं, आता ग्लोव्हज मिळणार. सरांनी त्यांना महिनाभर फक्त मागं चालायला लावलं. सकाळी सहाला मैदानाला वळसे, पाठमोरे. सर सगळ्यांच्या पुढे, म्हणजे खरं तर सगळ्यांच्या मागे, म्हणजे जिकडे सगळे चालले होते तिकडे पाठ करून. फिरायला येणाऱ्या पेन्शनर मंडळींनी प्राचार्यांकडे तक्रार केली की समोरून येणारी माणसं पाठमोरी असतात, नमस्कार कुणाला करायचा. एका मुलीची आई येऊन म्हणाली, "पोरगी घरात बी मागं मागं चालती हो. काल चुलीवरच बसली असती."

सरांचं म्हणणं असं की पुढं जायला अक्कल लागत नाही. "मारायला कुनीबी शिकवील. वेळंवर मागं सरता आलं पायजे." चाळीसपैकी अकरा उरले. सर म्हणाले, बरं झालं, जागा बी तेवढीच हाय.

त्या अकरांत पुढे बाराव्याची भर पडली ती नसीमची, आमच्याच कॉलेजातली. तिच्या वडिलांचं पुणे रस्त्याला गादीचं दुकान. सगळे त्यांना चाचा म्हणत. ती अकादमीत आली त्याला कारण सरांच्या शाली.

चॅम्पियन गावात आल्यावर त्यांचे सत्कार सुरू झाले. पतसंस्था, गणेश मंडळं, महिला मंडळं, एका नव्या मेडिकल दुकानाचं उद्घाटन. सर कुठेही नाही म्हणत नसत. भाषण एकच, तीन वाक्यांचं, "पाय रोवून उभं राहा. हात वर ठेवा. श्वास घ्यायला इसरू नका." पतसंस्थेच्या सभासदांनासुद्धा तेच. वर्षभरात घरी साठ-सत्तर शाली झाल्या. अकादमीला लागणाऱ्या बॅगांसाठी सहा अर्ज गेले होते आणि सहाही 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' फिरत होते. तेव्हा सर एका पोत्यात शाली भरून चाचांच्या दुकानात गेले.

"हे भरून तीन बॅगा शिवा," ते म्हणाले.

चाचांनी एक शाल हातात घेऊन पाहिली. "सर, ये तो कोरी हाय. किनार पन चांगली हाय."

"हां. जड हायेत ना पन? खालच्या अंगाला घाला."

दुकानात बसलेल्या नसीमने त्या बॅगा शिवल्या, पोचवायला ती आली, आणि शिवण टिकते का बघायला म्हणून तिने एका बॅगेवर एक ठोसा मारला. सर लांब उभे होते. जवळ आले. "पन्नास किलो," म्हणाले. "उद्या सकाळी सहाला."

चाचांना मुलीने ठोसे मारण्याबद्दल काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते एकदा अकादमीत येऊन खुर्चीवर तासभर बसले. मुली पाठमोऱ्या चालत होत्या. जाताना म्हणाले, "ठीक है. भागना तो आयेगा."

पुढे अध्यक्ष कुणा पाहुण्यांना घेऊन अकादमी दाखवायला आले. बॅगेवर हात फिरवत म्हणाले, "वा. आत काय, रेती?"

"न्हाई. ही तुमच्याकडनं आली," सर म्हणाले. "ती पलीकडची आमदारांकडनं. तुमची जरा मऊ हाय."

पाहुण्यांना वाटलं, देणगीच. अध्यक्षांनीही तसंच वाटू दिलं.

मला या सगळ्यात ओढलं ते एका परिपत्रकाने. मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका असणं आवश्यक. स्टाफरूममध्ये प्रत्येकीची मुलं लहान होती किंवा सासू आजारी होती. माझी मुलगी पुण्याला शिकायला आणि सासू ठणठणीत. त्यामुळे मी बॉक्सिंगच्या संघाची व्यवस्थापक झाले.

तेव्हा मला सरांची आणखी एक सवय कळली. सरावात दोन राउंडच्या मधे मुलं कोपऱ्यात येऊन बसत, आणि सर गुडघ्यावर बसून त्यांना काहीतरी भलतंच विचारत. काल जेवायला काय होतं? शेजारच्यांच्या म्हशीचा रंग कोणता? तुझ्या मावशीचं गाव कुठलं? मार बसला का, दमलीस का, दुखतंय का, यातलं कधीच काही नाही. मला वाटायचं, पोरींचं मन हलकं करायची ही त्यांची पद्धत. मला ती गोडही वाटायची.

विभागाच्या निवडीचे सामने राहात्याला होते, एका मंगल कार्यालयात. जिथे रिंग घातली होती तिथे एरवी पंगती बसतात. मुलींचे सगळे संघ आदल्या दिवसापासून तिथल्याच खोल्यांत उतरले होते, जेवणही तिथलंच. दुसऱ्या दिवशी लग्न असल्यामुळे झेंडूच्या माळा आधीच लागल्या होत्या. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीत प्रमुख पाहुणे आणि दुसरीत आमचे अध्यक्ष बसले. अध्यक्ष मुद्दाम केडगावहून आले होते, कारण नसीम अंतिम सामन्यात पोचली होती. ती जिंकली तर आमच्या कॉलेजची राज्याला जाणारी पहिली मुलगी. अध्यक्षांचा या निकालावर इतका विश्वास होता की 'सुवर्णकन्या' असा फ्लेक्स त्यांनी आदल्या दिवशीच केडगावच्या चौकात लावला होता. त्यात ते स्वतः अर्ध्या फ्लेक्सवर होते. नसीम आधार कार्डावर असते तेवढी. सर नव्हते.

खरं तर सरांच्या मदतीला आमचे एक शिक्षक आले होते. ते सकाळी 'येतोच' म्हणून शिर्डीला दर्शनाला गेले आणि रांगेत अडकले. त्यामुळे पाण्याची बाटली आणि स्टूल घेऊन कोपऱ्यात मी.

समोरची मुलगी राहात्याचीच होती, उंच, लांब हातांची. पहिला राउंड नसीमने सरळ घेतला, माझ्यासारखीलाही कळण्याइतका. दुसऱ्यातही ती पुढे होती. मग अगदी शेवटी, दोघी दोरीजवळ असताना, त्या मुलीचा एक ठोसा नसीमच्या कानाच्या वर बसला. नसीमचा एक पाय जरासा वाकडा पडला. लगेच सरळ झाला. घंटा झाली आणि ती हसत कोपऱ्यात आली.

सर गुडघ्यावर बसले. "काल रात्री जेवायला काय हुतं?"

"वांगं," नसीम म्हणाली.

"कसलं?"

"भरलं वांगं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, काय हुतं?"

स्टेजवरून अध्यक्ष मला दोन बोटं दाखवत होते, विजयाची. हॉलमध्ये आमची वीस-पंचवीस मुलं नसीमच्या नावाने ओरडत होती. त्या क्षणापर्यंत मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नव्हता, आणि तो नेमका तेव्हाच कळला: मार डोक्यात गेलाय का, ते सर तपासत होते. मी 'वांगं' म्हणू शकले असते. एक शब्द होता. पण मी शिक्षिका आहे, कुणी विचारलं की जे माहीत आहे ते सांगून मोकळी होते.

"पिठलं-भाकरी," मी म्हटलं.

"वांगं होतं, सर," नसीम म्हणाली.

सरांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग उठले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि रिंगमध्ये टाकला.

कोपऱ्यातून टॉवेल पडला म्हणजे सामना सोडला, हे हॉलला कळायला थोडा वेळ लागला. पंचांनी राहात्याच्या मुलीचा हात वर केला तेव्हा तीसुद्धा गोंधळून आपल्या प्रशिक्षकांकडे बघत होती. नसीम ग्लोव्हज न काढता स्टुलावर बसून राहिली.

"सर, मी जिंकत होते."

"व्हय."

"मग?"

"मग काय न्हाई. चल, घरी जाऊ."

अध्यक्ष नवऱ्याच्या खुर्चीतून उतरून आमच्यापर्यंत आले. सगळ्यांदेखत ते फक्त एवढंच म्हणाले, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

सरांनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला. "पुरतं न्हाई," ते म्हणाले. अध्यक्षांना तो उर्मटपणा वाटला.

तो उर्मटपणा नव्हता हे मला परतीच्या एसटीत कळलं. नसीम पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिने आमच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. सर माझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून.

"मॅडम," ते म्हणाले, "माझ्या पदकाची मॅच मला म्हाईत न्हाई."

मला कळेना.

"अशीच बसली हुती. कानाच्या वर, दुसऱ्या राउंडला. कोपऱ्यात आलो तवा हसत हुतो म्हनं. कोचनं इचारलं, ठीक हायेस? मी म्हनलो, ठीक हाय. ठीक हाय म्हनायला काय लागतं? मग तिसरा राउंड खेळलो, जिंकलो, पदक गळ्यात घातलं, फोटो काढला. फोटोत बी हसतोय. मला जाग आली ती दवाखान्यात. पदक माझ्याकडं हाय. मॅच न्हाई."

"पण सत्कारात तुम्ही त्या मॅचबद्दल सांगता ना, लोकांनी विचारलं की?"

"पेपरात आलेलं पाठ केलंय."

राहुरी मागे पडल्यावर परत म्हणाले, "तवापासनं नावं राहत न्हाईत. वजनं राहत्यात. बायकोचं नाव हातावर गोंदून घेतलंय, ते बरं केलं."

त्यांनी बाही वर करून दाखवलं. मी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. इतके दिवस स्टाफरूममध्ये आम्ही ज्या गोष्टीला हसत होतो ती गोष्ट आता माझ्या शेजारी बसून बाही खाली करत होती.

दुसऱ्या दिवशी सर नसीमला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेले, डोक्याचे फोटो काढून घेतले. डॉक्टर म्हणाले, काहीही नाही, सगळं व्यवस्थित आहे. सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आले.

"कसले पेढे?" वाणिज्यवाल्यांनी विचारलं.

"पोरीचा रिपोर्ट चांगला आला."

"म्हणजे तिला काही झालंच नव्हतं."

"न्हाई."

"म्हणजे तुम्ही जिंकलेली मॅच उगाच थांबवली."

"व्हय, तसं दिसतंय खरं," सर म्हणाले. "पेढा घ्या."

वाणिज्यवाल्यांनी दोन घेतले.

चौकातल्या फ्लेक्सवर 'सुवर्ण'च्या जागी 'रौप्य' असा कागद चिकटवण्यात आला. तीन दिवसांनी वाऱ्याने तो निघाला आणि नसीम पुन्हा सुवर्णकन्या झाली. दुकानातून येता-जाता तिला रोज ते बघावं लागे. तिने मैदानावर यायचं बंद केलं.

कॉलेजने वाणिज्य विभागप्रमुखांच्या हाताखाली त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली. विषय, 'प्रशिक्षकाने सामना थांबविण्याच्या कृतीची शहानिशा.' तीन बैठका झाल्या आणि तिन्ही बैठकांत मुख्य चर्चा आदल्या रात्रीच्या जेवणाची. मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याचा लेखी जबाब मागवण्यात आला. त्याने पिठलं असल्याचं मान्य केलं, वर खर्डाही होता असं स्वतःहून जोडलं. माझा जबाब झाला. नसीमला बोलावलं तेव्हा ती समोर बसून टेबलाकडे बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. समितीचा निष्कर्ष माझ्या अजून लक्षात आहे. 'सदर रात्री पिठले असल्याचे सिद्ध होते. तथापि खेळाडूस कोणतीही इजा झालेली नसल्याने सामना थांबविण्याचे कारण सिद्ध होत नाही.'

म्हणजे सरांचा प्रश्न बरोबर, उत्तर ताडणं बरोबर, आणि वागणं चूक. अशी निष्कर्षातली कसरत आमच्या वाणिज्य विभागालाच जमते.

सरांना शिक्षा म्हणून ग्रंथालयात बसवलं. तिथे त्यांनी स्वतःहून काम शोधलं. सगळी पुस्तकं वजनाप्रमाणे लावली, जड खाली, हलकी वर. ग्रंथपालबाई रडकुंडीला आल्या. शिपाई मात्र म्हणाला की इतक्या वर्षांत फळ्या पहिल्यांदा सरळ दिसल्या. अकराव्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर एक ओळीचा कागद होता, "मी गावाकडे जात आहे, सगळ्यांना नमस्कार." अकादमीची खोली पुन्हा रसायनशास्त्राकडे गेली. अध्यक्षांनी पुढच्या वर्षी तिरंदाजीचं उद्घाटन केलं.

मला यातलं काही विसरता येत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पेपर तपासायचे होते, मुलीची प्रवेश परीक्षा होती. सहा-सात महिने गेले. मग उन्हाळ्यात मी जुनी गादी पिंजून घ्यायला चाचांच्या दुकानात गेले. चाचा बाहेर गेले होते. नसीम एकटीच गादीला टाके घालत बसली होती, जाड सुई, तोंडाला रुमाल. मी गादीबद्दल बोलले, तिने गादीबद्दल उत्तर दिलं. निघताना मात्र मला राहवलं नाही.

"नसीम, तुला काही झालं नव्हतं हे मला त्या वेळी कसं कळणार होतं? पिठलं होतं, मी पिठलं म्हटलं."

तिने रुमाल खाली केला. "मी कुठं पिठलं खाल्लं, मॅडम?"

"म्हणजे?"

"ताट घेतलं होतं. तेवढ्यात ती राहात्याची पोरगी आली. तिच्या मावशीनं डबा पाठवला होता, भरल्या वांग्यांचा. म्हणाली, चल, दोघी खाऊ. मी ताट तसंच ठेवलं न् तिच्या खोलीत गेले."

मी गादीवरच बसले.

"मग समितीला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? फायनलच्या आदल्या रात्री जिच्याशी खेळायचं तिच्याच डब्यात जेवले? त्यांनी उद्या लिहिलं असतं, दोघींचं ठरलेलं होतं. माझं गेलं ते गेलं, तिचं पण घालवलं असतं." तिने सुई परत टाक्यात घातली. "मी खरंच सांगत होते. दोनदा सांगितलं. तुम्ही दोघांनी एकमेकांचं ऐकलं."

रविवारी सकाळी मी जामखेडची एसटी पकडली. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं, तीनदा बदललं. स्टँडपासून त्यांच्या गावापर्यंत टेम्पोने गेले. सर जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात होते. दहा-बारा मुली, कुणाच्या पायात चपला, कुणाच्या नाहीत. मला बघून त्यांनी नमस्कार केला आणि नाव आठवायचा प्रयत्न करत राहिले. मी म्हटलं, "केडगावची भूगोलाची बाई."

"हां, हां. एकाहत्तर. जरा कमी झालाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. डबा, मावशी, राहात्याची मुलगी. सांगताना मला भीती वाटत होती. त्यांनी नोकरी गमावली होती, आणि ती गमावण्यामागचा एकुलता एक आधार मी काढून घ्यायला आले होते.

ते मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. पण ते हसत होते, आवाज न करता, अगदी पोट धरून. डोळे पुसून म्हणाले, "म्हंजी पोरगी खरं बोलत हुती."

"हो."

"पुरती शुद्धीवर हुती."

"हो, सर."

"आन् मी टॉवेल टाकला." ते परत हसले. मग हसणं थांबलं. शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी पायातली माती झटकली, ती झटकून झाली तरी झटकत राहिले. "केडगावची गाडी कवा हाय?"

"कशाला?"

"तिला सांगाया नको का?"

"काय सांगायला?"

"मी चुकलो म्हनून."

घरात जाऊन ते धुतलेला शर्ट घालून आले. मी ज्या एसटीने आले तिच्याच परतीच्या फेरीने आम्ही निघालो. आमच्या कॉलेजात चूक झाली की तिला टिपणी म्हणतात, टिपणीवर शेरा मारतात, शेऱ्यावर सही होते, आणि शेवटी ती कुणाचीच राहत नाही. एक माणूस ती शर्ट बदलून, एसटीचं तिकीट काढून पोचवायला निघालेला मी पहिल्यांदा पाहत होते.

दुकानात चाचा होते, नसीम होती, आणि नवी गादी करून घ्यायला आलेला एक माणूस माप सांगत होता. सर दारातच उभे राहिले. चाचा उठले, "आओ सर, बैठो," म्हणाले. सर बसले नाहीत.

"पोरी, तू वांगंच खाल्लं हुतं," ते नसीमला म्हणाले. "मला मॅडमनी सांगितलं. माझी चूक झाली. तू जिंकत हुतीस."

गिऱ्हाईक चाचांकडे बघायला लागलं. नसीमच्या हातात कापसाचा गोळा होता. तो तिने खाली ठेवला नाही.

"किती गुणांनी?" तिने विचारलं.

"पयल्या राउंडला तिन्ही पंच तुझ्याकडं. डावा हात सरळ चालला हुता. दुसऱ्यात मधी तू दोनदा वाकून आत गेलीस, उजवा बरगडीला बसला, दोन्ही येळा."

"तीनदा."

सरांनी डोळे मिटले. "हां. तीनदा. तिसरा मला दिसला न्हाई, पंचाची पाठ मधी आली. पन ती मागं गेली त्यावरनं कळलं."

मग ते दोघं बोलत राहिले. मी त्या सामन्याला कोपऱ्यात उभी होते, पण मला त्यातलं एवढंही आठवत नव्हतं. सरांना ठोशागणिक सगळं पाठ होतं. ती कुठे सरकली, कुठल्या पायावर भार होता, कधी श्वास सोडला. नसीम मधे मधे चूक काढत होती, सर दुरुस्त करून घेत होते. सात महिने तिने तो सामना कुणाशी बोलून दाखवला नव्हता. चाचा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. मुलीचा सामना त्यांनी पाहिलेला नव्हता, तो त्यांना आता दिसत होता.

दोघं त्या शेवटच्या ठोशापाशी आले तेव्हा नसीम थांबली.

"सर, परत असं झालं, मी कोपऱ्यात आले, न् तुम्हाला वाटलं मी चुकीचं बोलतेय. काय कराल?"

मला वाटलं, आता तरी ते काही मऊ बोलतील. एवढ्या लांबून आलेले.

"थांबवीन," सर म्हणाले.

"मी खरं बोलत असले तरी?"

"मला कसं कळनार? थांबवीन."

नसीम रागावली होती, नक्कीच. मग तिने हातातला कापूस ढिगात टाकला.

"मग मी पहिल्याच राउंडला संपवते. कोपऱ्यात यायचंच नाही."

सरांनी त्यावर विचार केला. चांगला मिनिटभर. माझ्या आयुष्यात मी कुठल्या बैठकीत एखाद्या ठरावावर कुणी इतका मनापासून विचार केलेला पाहिला नाही.

"जमंल," ते म्हणाले. "पन त्याला उजवा खांदा आधी खाली आनावा लागंल. तुझा वर ऱ्हातो. ऊठ, दाखीव."

नसीम उठली. कापसाच्या ढिगांच्या मधे, जेमतेम दोन पावलं जागा होती तिथे तिने पाय रोवले आणि हात वर घेतले. सर तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि एका बोटाने खांदा दाबायला लागले. गिऱ्हाईक गादीचं माप हातात धरून अजून उभंच होतं. चाचांनी आतून एक स्टूल आणलं, त्यावरचा कापूस झटकला आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"बैठो भाऊ," ते म्हणाले. "टाइम लगेगा."